तक्ता क्रमांक सात

कचेरीत माझ्याकडे तक्ता क्रमांक सात होता:
जमिनीखालची रेल्वे, शहरवार, दर किलोमीटर खर्च.
माद्रिद, सोल, इस्तंबूल, लंडन, न्यूयॉर्क,
कवायतीला उभी केल्यासारखी एकाखाली एक,
उंचीप्रमाणे नव्हे, भावाप्रमाणे.
सगळ्यांचे पैसे मी रुपयांत आणले,
सगळ्यांची वर्षं एकाच वर्षात आणली.
यातल्या एकाही शहरात मी गेलेली नाही.
पासपोर्ट काढला तोही पत्त्याचा पुरावा म्हणून.

शेवटचा रकाना 'शेरा'.
तिथं थोडक्यात लिहायचं:
मऊ माती. पाणी लागलं.
स्टेशनं लहान ठेवली.
स्टेशनं लग्नाच्या हॉलएवढी बांधली.
अभियंते घरचे. अभियंते भाड्याचे.
प्रकरण कोर्टात.
एका शहराचा आकडा बघून
नायकवडीसाहेबांनी दोनदा बोलावलं,
"बाई, शून्य जास्त पडलंय का?"
नव्हतं पडलं.
ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले,
जणू त्यांच्याच खिशातून गेले होते.

पुण्यासमोर मी लिहिलं: काळा कातळ.
कातळ म्हणजे दात झिजणार, खर्च वाढणार,
आणि कातळ म्हणजे छत आपलं आपण उभं राहणार.
दोन्ही गोष्टी एका शेऱ्यात बसेनात.
लहान अक्षरात लिहून बसवल्या.

त्याच महिन्यात तांबट आळीतून अर्ज आला:
खालून हादरे येतात, फडताळातली भांडी वाजतात.
अर्जदार दिगंबर करडे.
कंपनमापक घेऊन गेलो तर हे गृहस्थ
हंड्यावर ठोके घालत बसलेले.
म्हटलं, जरा थांबता का, मोजायचंय.
"शेजारी चाळीस वर्षं सांगतायत थांबा म्हणून,
नाही थांबलो. तुम्ही कागद घेऊन आलात म्हणून थांबतो."
पडद्यावरची रेघ निजली.
मग, अगदी बारीक, पुन्हा थरथरली.
करड्यांनी फरशीवर तळवा ठेवला,
डोळे मिटून ऐकल्यासारखं केलं,
आणि म्हणाले, "काम चालूये त्याचं.
हात एकसारखा आहे."
तक्रार त्यांनी मागे घेतली नाही.
चहा मात्र पाजला.

मी शेरा लिहिला: मर्यादेच्या आत.

आता निवृत्त आहे. मंडईच्या दाराशी
लसूण निवडणाऱ्या यमुना पोकळे विचारतात,
"ताई, तुम्ही यातल्याच ना? किती पडलं हे सगळं?"
मी सांगितलं.
"म्हणजे महाग का स्वस्त?"
म्हटलं, न्यूयॉर्कच्या मानानं फुकट.
"मग न्यूयॉर्कला लसूण विकाया जाऊ का मी?
रिक्षाच्या मानानं सांगा.
पाटी घेऊन आत सोडतात का ते सांगा.
रातच्याला शेवटची कधी सुटती,
आन् तो सरकता जिना
माझ्या गुडघ्याच्या दिवशीच बंद का असतो?"

इतक्या वर्षांत कुणी माझा तक्ता
इतका नीट तपासला नव्हता.
चार रकाने, चारही राहिलेले.
मी पिशवीतून पेन काढलं, कागद नव्हता,
पाव किलो लसणाच्या पुडीवरच लिहून घेतलं.

खाली गार. फरशी स्वच्छ, अजून तरी.
गाडी आली, पाटीवर लिहिली होती त्या मिनिटाला.
हे लंडनला जमतं का, बघायला हवं होतं.
कसब्याखालून जाताना मी
दाराच्या काचेवर तळवा ठेवते, दर खेपेला.
वर कुणी ठोके घालतंय का.
शेजारचा मुलगा हेडफोन काढून बघतो माझ्याकडे,
पुन्हा घालतो.
परवा एकदा वाटलं, आला.
पण ते चाक होतं, वळणावर कुरकुरलेलं,
आणि मग नदी आली, म्हणजे आली असणार,
कान जरासे दबले
एवढंच.